लाइस्बेतने सांगितलेलं नाव

लाइस्बेत स्पानचा आधी आवाज यायचा, मग मासळीचा वास आणि सगळ्यात शेवटी लाइस्बेत. समुद्रकाठच्या शेवेनिंगन या कोळ्यांच्या गावाहून झाडांच्या रस्त्याने, डोक्यावर टोपली घेऊन, ती तासाभरात हेगला पोचायची. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली की अशी आरोळी ठोकायची, की वरच्या मजल्यावर दाढी करणाऱ्या माणसाने गाल कापून घ्यावा. उगीच नाही बोलत मी. आमच्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात दोनदा कापून घेतला.

साहेब म्हणजे सायलस वेंडोव्हर, अमेरिकेचे राजदूत. मी हिल्ले, त्यांची स्वयंपाकीण. राजदूत येणार म्हटल्यावर मी आपली वाट बघतेय, कुणीतरी पोट सुटलेला, पदकं लटकवलेला बाप्या उतरेल गाडीतून. उतरलं कोण, तर लांब मानेचं सव्वीस वर्षांचं पोरगं! दोन पेट्या. एकीत नुसती पुस्तकं आणि दुसरीत सहा शर्ट, त्यातले तीन कोपरावर विरलेले. म्हटलं, कप्पाळ माझं, हे राज्यं जोडणार की तोडणार?

पहिल्या दिवशी ते स्वयंपाकघरात पाणी मागायला आले, तेव्हा लाइस्बेत दारात बसून मासे साफ करत होती. तिने त्यांना टाचेपासून टाळूपर्यंत न्याहाळलं.

"हाच का गं तुझा राजदूत? कुठल्या राजाचा?"

साहेबांना आमची भाषा तोडकीमोडकी येत होती. ते म्हणाले, "आमच्याकडे राजा नाही."

"राजाच नाही? मग राजदूत कसला रे तू?"

मला वाटलं, आता हा माणूस चिडणार. तर त्याने खिशातून वही काढली आणि तिला म्हणाला, "हे पुन्हा सांग. हळू." आणि लिहून घेतलं! तिथून त्यांची शिकवणी सुरू झाली. रोज सकाळी, माझ्या टेबलाच्या एका टोकाला ती मासे कापायची आणि दुसऱ्या टोकाला अमेरिकेचा राजदूत कानामागे पेन खोचून बसायचा.

मी तिला बाजूला घेऊन झापलं. "अगं, जरा रीत? मोठ्या माणसाला अरे-तुरे काय करतेस?"

"मी देवाला तू म्हणते, हिल्ले. हा कोण लागून गेला?"

आता तिने शिकवलेली भाषा म्हणजे वाळूवरची भाषा. साहेब ती घेऊन बड्या लोकांच्या पंगतीला जायचे. एका म्हाताऱ्या उमरावाची तब्येत चांगली दिसते असं त्यांना म्हणायचं होतं. लाइस्बेतने शिकवलेली स्तुती त्यांना एकच येत होती, ताज्या मासळीची. भर पंगतीत म्हणाले, "वा! डोळे स्वच्छ, कल्ले लाल!" म्हातारा इतका हसला की त्याच्या पाठीवर थापा माराव्या लागल्या. पण एक सांगते, त्या दिवसापासून साहेबांना आमंत्रणं यायला लागली. आधी कुत्रं विचारत नव्हतं.

मग आला तो जानेवारी. सन सतराशे पंचाण्णवचा. नद्या अशा गोठल्या की फ्रेंच फौज बर्फावरून चालत आली. पूल नाही, होडी नाही, थेट चालत! शहरात नुसती धावपळ. साहेबांनी शरद ऋतूत ज्या सरदारांपुढे वाकून आपले कागद दिले होते, ते सरदार एका आठवड्यात गायब. पुन्हा नव्या लोकांपुढे नवे कागद. ते दिवसभर लिहायचे, एकेका पत्राच्या चार-चार प्रती, कारण चारातली तीन जहाजं बुडतात म्हणे. बोटं शाईने काळी, डोळे मात्र लखलखत. "हिल्ले, इतिहास घडतोय!" मी म्हटलं, घडू दे, सूप गार होतंय.

त्याच गडबडीत इथे राज्य करणारा आमचा राजपुत्र शेवेनिंगनच्या वाळूवरून पळाला. त्या किनाऱ्याला बंदर नाही, सपाट बुडाच्या मासेमारीच्या होड्या तेवढ्या. त्यातच माणसं चढली, पेट्या चढल्या आणि होड्या इंग्लंडकडे सुटल्या. दोन दिवस लाइस्बेत आलीच नाही. तिसऱ्या दिवशी आली ती टोपलीशिवाय. मी कांदा चिरत होते. ती समोर बसली आणि म्हणाली, "क्राइन गेला."

"कुठे गेला?"

"दरबाऱ्यांच्या पेट्या घेऊन. मी म्हटलं, जाऊ नकोस, यांनी आपल्याला कधी विचारलंय? तर म्हणतो, बायकापोरं थंडीत उभी आहेत, कुणीतरी न्यायला हवं." तिने टेबलावरचं कांद्याचं साल चुरगाळलं. "मी म्हटलं, गेलास तर परत येऊ नकोस."

"असं बोलतात होय?"

"तोंडातून गेलं गं. सगळ्यांसमोर गेलं."

तिचा नवरा क्राइन मी दोनदाच पाहिला होता. शांत माणूस. बारा वर्षांचा संसार, मूलबाळ नाही, घरातलं सगळं बोलणं लाइस्बेतच्या वाट्याचं आणि सगळं ऐकणं त्याच्या. अशा माणसाला ती 'परत येऊ नकोस' म्हणाली आणि तो खरंच येईना. मार्चमध्ये एका डॅनिश होडीवाल्याने, त्यांचं कुणाशीच भांडण नाही ना, बातमी आणली, की शेवेनिंगनच्या दोन होड्या इंग्लंडात अडकवल्यात आणि नऊ माणसं एका जुन्या जहाजात कोंडून ठेवलीत. आता आपण फ्रेंचांच्या बाजूचे, म्हणजे इंग्रजांचे शत्रू. आपलं पत्र तिकडे जायचं नाही, तिकडचं इकडे यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी लाइस्बेत साहेबांसमोर उभी राहिली. शिकवणी नाही, काही नाही.

"तू कुणाच्याच बाजूचा नाहीस ना?"

"नाही," साहेब म्हणाले. "तोच तर माझा हुकूम आहे. मध्ये पडायचं नाही."

"मग तुझं पत्र जातं तिकडे."

साहेबांचा चेहरा पडला. मला कळत होतं त्यांचं. ज्याने राजपुत्राच्या दरबाऱ्यांच्या पेट्या नेल्या त्याच्यासाठी रदबदली करायची, म्हणजे इथल्या नव्या लोकांच्या डोळ्यांवर येणं. ते उद्या म्हणतील, हा राजपुत्राचा माणूस, याला परत धाडा. सव्विसाव्या वर्षी हाकलून दिलेला दूत पुढे कसला दूत होतो? एवढं सगळं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. आणि ही बाई ढिम्म उभी.

"चार महिने मी तुला बोलायला शिकवलं," ती म्हणाली. "आता बोल."

बोलले! लंडनला त्यांचा एक देशबंधू त्यांच्यासारखाच दूत होता, त्याला लिहिलं. एकाच माणसाचं जमेल, जास्त मागितले तर एकही मिळायचा नाही, असं त्यांनी तिला बजावलं. मग पेन बुडवून विचारलं, "पूर्ण नाव?"

लाइस्बेतने ओल्या हातांनी टोपी सारखी केली आणि चर्चमध्ये सांगावं तसं सांगितलं, "क्राइन स्पान. शेवेनिंगनचा." साहेबांनी वळणदार अक्षरात लिहिलं. मीही तिथेच होते. मी डेल्फ्टची, मला काय माहीत त्या गावाच्या भानगडी!

जूनमध्ये उत्तर आलं. सोडलं! डॅनिश होडीने पाठवतोय! अगं बाई, काय तो दिवस! साहेब जिन्यावरून तीन-तीन पायऱ्या उतरत आले, मला कंबरेला धरून गरकन फिरवलं आणि डाव माझ्या हातातून उडून थेट खिडकीबाहेर. दोन देशांच्या भांडणातून त्यांनी एक जिवंत माणूस ओढून काढला होता, नुसत्या शाईने. त्याच दुपारी त्यांनी आपल्या सरकारला कळवलंसुद्धा. पहिलं यश ना, धीर कसा धरवणार?

किनाऱ्यावर अख्खं गाव लोटलं होतं. लाइस्बेतने कडक स्टार्च केलेली टोपी घातली होती आणि लग्नातली चांदीची पट्टी डोक्याला लावली होती. साहेब नव्या हॅटीत. होडी वाळूला टेकली, खलाशाने एका माणसाला पाठुंगळी घेतलं आणि पाण्यातून आणून खाली उतरवलं. दाढी, या कानापासून त्या कानापर्यंत मिशा. बायकांच्या घोळक्यातून एकच किंकाळी उठली. पण ती लाइस्बेतची नव्हती. नेल नावाची एक बाई धावत सुटली आणि त्या माणसाच्या गळ्यात पडली.

"बोका आला! माझा बोका आला!"

साहेब मला हळूच विचारतात, "हिल्ले, लाइस्बेत तिकडे का उभी आहे?"

हा होता दुसरा क्राइन स्पान. त्या गावात चार क्राइन स्पान आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. पण गावात आडनावाने कुणी कुणाला ओळखत नाही. प्रत्येकाला एक टोपणनाव, तेच खरं नाव. मिशीवाला तो बोका. दुसरा तोतरा. तिसरा भोपळा. बोक्याला क्राइन स्पान म्हणतात हे लाइस्बेतच्या स्वप्नातही आलं नसतं. तिच्या लेखी तो बोका, नुसता बोका.

लाइस्बेत त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "माझा नवरा कुठेय?"

बोका ओशाळला. "तिथंच आहे गं. बरा आहे. शिपायाने येऊन हाक मारली, क्राइन स्पान. त्या नावाचे आम्ही दोघं होतो. मी त्याच्याकडे बघितलं. तो जाळं विणत बसला होता. म्हणाला, तुझंच असणार, जा तू."

"उठला नाही?"

"मानसुद्धा वर केली नाही."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. "तिकडे बरं बस्तान बसलंय वाटतं!" दुसरी म्हणाली, "हिनेच सांगितलं होतं ना, येऊ नकोस म्हणून? नवरा ऐकतो हो हिचं." मी वळून त्या बाईला असं काही बोलले, की ते इथे सांगत नाही.

परतीच्या तासाभराच्या वाटेत लाइस्बेत एक अक्षर बोलली नाही. लाइस्बेत! मला तिच्या गप्प बसण्याची भीती वाटायला लागली. स्वयंपाकघरात आल्यावर ती माझ्या टेबलाशी बसली आणि म्हणाली, "त्याला यायचंच नाही, हिल्ले. उठायचं होतं फक्त. उठलासुद्धा नाही."

साहेब दारात उभे होते. नवी हॅट हातात चुरगाळलेली. लंडनहून काय लिहिलं होतं, तर हवा तो माणूस दिला, प्रकरण संपलं. आता पुन्हा लिहायचं म्हणजे माझी चूक झाली असं कबूल करायचं, तिकडच्या मित्राला आणि आपल्या सरकारला. ज्या सरकारला चार दिवसांपूर्वी फुशारकी कळवली होती त्याच सरकारला! मला वाटलं, साहेब दोन शब्द सांत्वनाचे बोलतील आणि वर जातील. त्यांनी खुर्ची ओढली.

"ते चौघं क्राइन," ते म्हणाले. "बोका, तोतरा, भोपळा. मग तुझा?"

लाइस्बेत नखाने टेबलावरचा खवला खरवडायला लागली.

"त्यालाही असेलच ना काही?"

आणि काय सांगू, ती लाजली! गळ्यापासून कपाळापर्यंत लाल झाली. तेवीस वर्षं भर बाजारात शिव्या हासडणारी बाई! "ते कागदावर घालण्यासारखं नाही," ती पुटपुटली. "दोन देशांची मोहर लागणार त्याच्यावर. मी म्हटलं, बाप्तिस्म्याचं चांगलं नाव द्यावं. मी स्वतः कधी म्हणत नाही त्याला तसं. बारा वर्षांत एकदाही नाही."

"काय नाव?"

"नागडा," ती टेबलाकडे बघत म्हणाली. "नागडा क्राइन."

मी हसले. हो, हसले, आता खोटं कशाला बोलू? साहेब हसले नाहीत. पेन घेऊन आले आणि आपल्या भाषेत 'वस्त्रहीन' की काय, असं सभ्य लिहायला लागले. लाइस्बेतने वाचता येत नसतानाही ओळखलं. "गोडगोड करू नकोस! तिकडच्या शिपायाने ओरडायचं आहे ते. आमचाच शब्द घाल, आहे तसा, मोठा." मग त्यांनी घातला, बोटाएवढ्या अक्षरात. वर लिहिलं, की पहिली चूक माझी. तिची होती खरं तर. पण त्यांनी माझी लिहिलं, आणि तसं आम्हाला वाचून सांगितलं.

चार दिवसांनी दारावर थाप. नव्या राज्यकर्त्यांच्या कमिटीचा एक माणूस, तिरंगी पट्टा बांधलेला, आणि त्याच्या हातात तेच पत्र, फोडलेलं!

"नागरिक वेंडोव्हर," तो म्हणाला, "इंग्लंडला जाणाऱ्या पत्रात हा सांकेतिक शब्द कशाचा? नागडा म्हणजे कोण? राज्य सोडून पळालेला राजपुत्र ना?"

साहेब पांढरेफटक. इतके दिवस ज्याला भीत होते तेच दारात येऊन उभं! ते खरं सांगत होते, आणि खरं इतकं खोटं वाटत होतं की मलाच पटेना. "हा एक कोळी आहे," ते म्हणत होते, "त्याचं ते नावच आहे," आणि कमिटीवाला मान हलवत होता. "तुम्हाला उद्या कमिटीसमोर यावं लागेल. तुमच्या सरकारलाही कळवू."

मागच्या दाराने लाइस्बेत आत आली. टोपली खाली ठेवली. सगळं ऐकलं होतं तिने.

"सांकेतिक?" ती म्हणाली. "थांब, तुला सांगते सांकेतिक." आणि तिने दरवाजा सताड उघडला, गल्लीतली डोकी आत डोकावत असताना, आणि सांगितलं. क्राइन एकोणीस वर्षांचा असताना लाटेने त्याला होडीतून कसं उचललं, लाटेने त्याचं सगळं कसं नेलं, चोळणा, सदरा, मोजेसुद्धा, आणि तो पाण्यातून चालत वर आला तो नेमका रविवारी, चर्च सुटताना, धर्मोपदेशकासमोर, एका हातात फक्त एक मासा! "पुढे धरायला," ती म्हणाली, "आणि मासा लहान होता!" गल्ली हसून लोळायला लागली. कमिटीवाल्याची मिशी थरथरली, मग पट्टा थरथरला, मग तो जिन्याच्या पायरीवर बसलाच. लाइस्बेत मात्र हसत नव्हती. तिचे डोळे भरले होते आणि आवाज जराही हलत नव्हता.

कमिटीवाल्याने पत्र पुन्हा बंद केलं, आपली लाख लावली आणि म्हणाला, "जाऊ दे."

पुढचे आठवडे साहेबांचे कसे गेले विचारू नका. जेवणावळीत प्रत्येक जण विचारायचा, "काय हो, तुमचा नागडा काय म्हणतो?" स्वीडनवाला, प्रशियावाला, सगळे. साहेब लाल व्हायचे आणि उत्तर द्यायचे, "वाट बघतोय." पुढे हिवाळ्यात त्यांच्या सरकारकडून एक कोरडं पत्रही आलं. यापुढे खातरी झाल्याशिवाय कळवू नये, एवढंच. ते त्यांनी मला वाचून दाखवलं आणि घडी करून ठेवून दिलं.

ऑगस्टमध्ये निरोप आला, माणूस सोडलाय, आणि मागोमाग होडी आली. या वेळी लाइस्बेतने टोपी कडक केली नव्हती, चांदी लावली नव्हती. नेहमीच्या कपड्यांत, अनवाणी. म्हणाली, नसला तर निदान थाटमाट करून फजिती नको. होडीत सात-आठ माणसं, उन्हात कुणाचं तोंड दिसेना. साहेब माझा दंड असा घट्ट धरून उभे की नंतर निळा डाग उठला.

लाइस्बेत पाण्यात शिरली. गुडघाभर, कमरेभर. आणि सगळ्या गावासमोर, तिला हसलेल्या त्या बायकांसमोर, बेंबीच्या देठापासून ओरडली, "नागड्या! ए नागड्या!"

होडीतला एक माणूस उठून उभा राहिला.

तो उडी टाकून तिच्याकडे आला आणि ती त्याच्यावर तुटून पडली. ओल्या मुठींनी छातीवर मारत सुटली. "उठला का नाहीस? नाव पुकारलं तेव्हा उठला का नाहीस?"

"मला कोण सोडवणार?" क्राइन म्हणाला. "तू येऊ नकोस म्हणाली होतीस. वाटलं, नेलने बोक्याला बोलावलं असेल."

"आणि आता? आता कसा उठलास?"

त्याने तिच्या दोन्ही मुठी धरल्या. बोलायची सवय नाही ना त्याला. "शिपायाने कागद धरून ते नाव ओरडलं," तो म्हणाला. "म्हटलं, हे नाव सांगायला माझी बायको लाजेने मरेल, तरी सांगितलं. म्हणजे तिला मी खरंच हवाय."

लाइस्बेतच्या मुठी उघडल्या. ती त्याचा सदरा धरून तशीच पाण्यात उभी राहिली.